रुग्ण कमी झाले, मग फवारणी थांबवायची का? हिवतापाचं गणित काय सांगतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: जंगलपट्ट्यातल्या एका तालुक्यात हिवतापाचे रुग्ण काही वर्षांत शेकड्यांवरून बोटांवर मोजण्याइतके झाले आहेत. डास पूर्ण न संपवताही मलेरिया संपतो, असं हिवतापाच्या प्रसाराचं रॉस-मॅकडोनाल्ड हे गणिती मॉडेल सांगतं. मग त्याच मॉडेलने कोणत्या गावातली फवारणी कधी थांबवायची, हे काढता येईल का?

काढता येतं, पण मॉडेल तारीख देत नाही, अट देतं. फवारणी काढून घेतली तर तिची जागा कशाने आणि किती प्रमाणात भरून काढावी लागेल, हे त्यातून आकड्यांत सांगता येतं. ती अट तुमच्या तालुक्यात पाळली जाते आहे का, हे तुमच्याच नोंदवह्यांतून तपासावं लागेल. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: रुग्ण कमी झाले म्हणजे त्या जागेची मलेरिया पसरवण्याची ताकद कमी झाली, असं नव्हे.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला ॲनॉफिलीस डासाच्या जठरावर मलेरियाचा परजीवी दिसला. डास मारले की मलेरिया जाईल, हे त्यानंतर उघड वाटायला लागलं. पण लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत डबकी बुजवण्याचा आणि नाल्या साफ करण्याचा प्रयोग झाला, त्यातून मनासारखं यश आलं नाही आणि "सगळे डास कधीच संपणार नाहीत, मग हा खर्च कशाला?" असा सूर लागला. रॉस यांनी याला गणितातून उत्तर दिलं. १९०८ च्या मॉरिशसवरच्या अहवालात आणि पुढे १९११ मध्ये त्यांनी दाखवलं की माणशी डासांची संख्या एका मर्यादेखाली गेली की जुने रुग्ण बरे होण्याचा वेग नवे रुग्ण होण्याच्या वेगाला मागे टाकतो, आणि डास शिल्लक असूनही रोग ओसरतो. जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात याच मांडणीत डासाच्या आयुष्याला मध्यवर्ती जागा दिली. आपण आज जे सूत्र वापरतो ते त्यातूनच आलं.

सूत्राचं उत्तर म्हणजे आर-नॉट: रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या, कोणताही उपाय चालू नसलेल्या गावात एक रुग्ण आला तर त्याच्यापासून सरासरी किती नवे रुग्ण होतील. ते सहा गोष्टींवर ठरतं. माणशी किती डास आहेत. एक डास दिवसाला सरासरी किती वेळा माणसाला चावतो. चाव्यातून संसर्ग पुढे जाण्याची शक्यता किती. आजचा डास उद्या जिवंत असण्याची शक्यता किती. परजीवी डासाच्या पोटात तयार व्हायला किती दिवस लागतात. आणि रुग्ण किती दिवस डासांना संसर्ग देत राहतो.

आता आकडे घालू. हे आकडे कोणत्याही खऱ्या गावाचे नाहीत, पण अशक्यही नाहीत. माणशी १० डास. डास दर दोन दिवसांनी रक्त पितो आणि दहातल्या चार वेळा ते माणसाचं असतं, म्हणजे रोजचं प्रमाण ०.२. दोन्ही बाजूंनी संसर्ग जाण्याची एकत्र शक्यता ०.१. डासाची रोजची जगण्याची शक्यता ८० टक्के. परजीवी तयार व्हायला १० दिवस. उपचार न घेतलेला रुग्ण सरासरी १०० दिवस संसर्ग देतो. माणसाला चावण्याचं प्रमाण दोनदा गुणायचं, कारण डासाला एकदा परजीवी उचलायला आणि दुसऱ्यांदा तो सोडायला माणूस लागतो. १० × ०.२ × ०.२ × ०.१ म्हणजे ०.०४. परजीवी तयार होईपर्यंत, म्हणजे १० दिवस, जगणाऱ्या डासांचं प्रमाण ०.८ चा दहावा घात, म्हणजे ०.१०७. त्यानंतर डासाचं सरासरी उरलेलं आयुष्य साधारण साडेचार दिवस. हे सगळं गुणून पुन्हा १०० दिवसांनी गुणलं की उत्तर येतं १.९. एका रुग्णाचे जवळपास दोन, म्हणजे रोग वाढणार.

आता एकेक आकडा हलवून पाहा. माणशी डास १० वरून ५ केले तर उत्तर निम्मं, ०.९६. रॉस यांची मर्यादा हीच. मच्छरदाणीमुळे माणसाला चावणं ०.२ वरून ०.१४ झालं, म्हणजे जेमतेम तीस टक्क्यांनी घटलं, तरी वर्गामुळे (हा आकडा दोनदा गुणला जात असल्यामुळे) उत्तर ०.९४ येतं. आणि भिंतीवरच्या फवारणीमुळे डासाची रोजची जगण्याची शक्यता ८० वरून ७५ टक्के झाली, फक्त पाच टक्के बिंदूंनी, तर उत्तर थेट ०.७८. डास निम्मे करण्यापेक्षा हा परिणाम मोठा आहे. कारण दहा दिवस तगणाऱ्या डासांचं प्रमाण दहा-अकरा टक्क्यांवरून साडेपाच टक्क्यांवर येतं, आणि तगले तेही पुढे कमी दिवस जगतात. मलेरिया पसरवतो तो म्हातारा डास. गावातल्या बहुतेक डासांना ते वय गाठताच येत नाही.

हेच गणित उलट्या दिशेनेही चालतं, आणि ते फार धोकादायक आहे. डासांमध्ये कीटकनाशकाला प्रतिकार निर्माण झाला की पंचाहत्तरचे पुन्हा ऐंशी होतात. फवारलेल्या घरांची टक्केवारी अहवालात तशीच भरलेली दिसते, पण मलेरियाचा जोर अडीच पट झालेला असतो. आपल्याकडच्या ग्रामीण भागातला मुख्य वाहक, ॲनॉफिलीस क्युलिसिफेसिस, डीडीटीला दाद देत नाही, हे १९५९ मध्येच पंचमहालात नोंदलं गेलं होतं. तेव्हा पंचमहाल मुंबई राज्यातच होता.

म्हणून मी डासांची नुसती संख्या पाहून समाधान मानत नाही. कीटक समाहारक पहाटे टॉर्च आणि सक्शन ट्यूब घेऊन घरांत आणि गोठ्यांत डास पकडतात, तासाला किती सापडले ते लिहितात. हे काम मोलाचं आहे, पण त्यातून सूत्रातला सगळ्यात हलका आकडा मिळतो. त्याच पकडलेल्या माद्यांचं विच्छेदन केलं तर सगळ्यात जड आकडा मिळतो. सूक्ष्मदर्शकाखाली अंडाशय पाहायचं: एकदाही अंडी न घातलेल्या मादीत अंडाशयावरच्या श्वसननलिकांची टोकं गुंडाळलेली दिसतात, एकदा घातली की ती उलगडतात आणि परत गुंडाळली जात नाहीत. समजा १०० माद्यांपैकी ६४ अंडी घालून झालेल्या निघाल्या आणि रक्त पिण्यापासून अंडी घालण्यापर्यंतचं चक्र दोन दिवसांचं आहे. मग दोन दिवस जगण्याची शक्यता ०.६४ आणि रोजची तिचं वर्गमूळ, ०.८. फवारणीनंतर महिन्याने हेच प्रमाण ६४ वरून ५६ वर आलं असेल, तर रोजची शक्यता ०.७५ झाली, म्हणजे भिंतीवरचं औषध काम करतंय. ६४ च राहिलं असेल तर ते काम करत नाहीये, मग कागदावर काहीही असो. चिकाटी असेल तर एका सकाळी होण्यासारखं हे काम आहे, आणि ते इतकं कमी ठिकाणी होतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

चावण्याच्या वर्गाबद्दल थोडं. क्युलिसिफेसिस मुख्यतः गुरांचं रक्त पितो. दहा वेळांपैकी एकदाच माणसाला चावणारा डास आणि नऊ वेळा माणसाला चावणारा डास यांच्यात, बाकी सगळं सारखं असताना, ८१ पट फरक पडतो. डोंगरी ओढ्यांतला ॲनॉफिलीस फ्लुव्हिएटिलिस, त्यातला माणसाचं रक्त पसंत करणारा प्रकार, संख्येने थोडा असूनही जंगलपट्ट्यात रोग टिकवून धरतो, तो यामुळेच. मुंबईचं गणित वेगळं आहे. तिथला ॲनॉफिलीस स्टिफेन्सी विहिरींत, गच्चीवरच्या टाक्यांत, बांधकामावरच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. ही ठिकाणं मोजता येतात, झाकता येतात. मलेरियाचे अभ्यासक बेंटली यांनी १९११ च्या अहवालात मुंबईच्या विहिरींवर बोट ठेवलं होतं, तेव्हापासून तिथे अळ्यांवरचा उपाय चालतो. धानाच्या बांध्या आणि नाल्यांच्या मुलखात तो तितका चालणार नाही.

तापमानाचाही घोळ लक्षात घ्या. फाल्सिपेरम या प्रकारच्या परजीवीसाठी डासाच्या पोटात तयार होण्याचे दिवस काढायचे तर सरासरी तापमानातून १६ वजा करून त्याने १११ ला भागायचं. २७ अंशांना १० दिवस, २२ अंशांना साडेअठरा. आपल्या उदाहरणात फक्त एवढा बदल केला तर आर-नॉट १.९ वरून ०.३ वर येतं. हिवाळ्यात रुग्ण घटले की श्रेय कोणाला द्यायचं, हे ठरवण्याआधी थर्मामीटर पाहावा.

आता थांबवण्याचा मुद्दा. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तेव्हाच्या सिलोनचं आहे, आणि तिथला मुख्य वाहकही हाच क्युलिसिफेसिस. डीडीटीच्या जोरावर १९६३ मध्ये तिथे वर्षभरात फक्त १७ रुग्ण नोंदले गेले. फवारणी मागे घेतली गेली, पाळत सैल झाली. त्यात तिथे पाऊस ओढला की नद्यांच्या पात्रात डबकी राहतात आणि त्यांत हा डास वाढतो. १९६९ मध्ये पाच लाखांहून जास्त रुग्ण झाले. आपलीही गोष्ट फार वेगळी नाही. १९५३ मध्ये नियंत्रणाचा आणि १९५८ मध्ये निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, १९६५ च्या सुमाराला देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आले, आणि १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. दोन्हीकडे जागेचं आर-नॉट जिथे होतं तिथेच होतं. उतरला होता तो उपाय चालू असतानाचा आकडा, त्याला आपण नियंत्रित आर म्हणू. रुग्णसंख्या पाहून आपल्याला फक्त हा दुसरा आकडा कळतो. श्रीलंकेने पुढे मलेरिया खरोखर संपवला, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाणपत्रही मिळवलं, पण तेव्हा प्रत्येक ताप तपासणारी यंत्रणा तिथे फवारणीच्या जागी उभी झालेली होती.

नियंत्रित आर काढायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. रुग्ण-शोध फॉर्मवर प्रवासाचा रकाना असतो, तो नीट भरलेला असला की पुरे. वर्षाला १०० रुग्ण सापडले, त्यांतले ४० बाहेरून संसर्ग घेऊन आले आणि ६० इथेच झाले, तर या १०० जणांनी मिळून ६० नवे रुग्ण केले, म्हणजे आर साधारण ०.६. सगळे रुग्ण इथलेच असतील आणि संख्या वर्षानुवर्षं स्थिर असेल, तर आर १ च्या आसपास आहे, मग रुग्ण कितीही थोडे असोत. अर्थात "बाहेरून आलेला" हा शिक्का सोयीने मारला गेला तर आर खोटाच कमी दिसतो. तालुक्याचा आकडा चांगला दिसावा म्हणून तसं करण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण पुढचा प्रत्येक निर्णय याच रकान्यावर बेतलेला असेल.

आणि आर १ पेक्षा कमी म्हणजे शून्य रुग्ण, असंही नाही. आर ०.८ असेल तर बाहेरून आलेल्या एका रुग्णाची साखळी संपेपर्यंत सरासरी पाच रुग्ण होतात, ०.९ असेल तर दहा.

आपल्या उदाहरणातल्या गावात परत या. फवारणीसह आर ०.७८, फवारणीशिवाय १.९. एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत डासातले दिवस, माणसातले दिवस धरून लवकरात लवकर महिना ते दीड महिना जातो, म्हणजे पावसाळी हंगामात जास्तीत जास्त तीन फेऱ्या. पाच रुग्ण बाहेरून आले आणि तिन्ही फेऱ्या झाल्या, तर फवारणी असताना हंगामाअखेर एकूण १४ रुग्ण होतील, फवारणी काढली तर ७० च्या घरात. पहिल्या वर्षी हा आकडा जिल्ह्याच्या तक्त्यात कोणाच्या डोळ्यांत भरणारही नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी भरेल.

मग फवारणी कधी काढता येईल? शेवटचा आकडा, संसर्ग देण्याचे दिवस, खाली आणता आले तर. १.९ ला १ च्या खाली आणायचं तर सरासरी १०० दिवसांचे ५२ च्या आत यायला हवेत. समजा वेळेवर सापडलेला, पूर्ण उपचार झालेला रुग्ण १० दिवसच संसर्ग देतो आणि न सापडलेला १०० दिवस. तर ५२ गाठायला संसर्ग झालेल्यांपैकी निम्म्यापेक्षा थोडे जास्त, ५३ टक्के, वेळेवर सापडायला हवेत. फवारणीइतकाच परिणाम, म्हणजे ०.७८, हवा असेल तर ६६ टक्के. इथे "रुग्ण" असं न म्हणता "संसर्ग झालेले" म्हणतोय, ते मुद्दाम. जिथे हिवताप जुना आहे तिथे अनेकांच्या रक्तात परजीवी असतो पण ताप नसतो. ते आशाताईंकडे जातच नाहीत, आणि गेले तरी परजीवी इतके थोडे असतात की जलद चाचणीत किंवा काचपट्टीवर दिसत नाहीत. तापाच्या रुग्णांतले नव्वद टक्के सापडले तरी सगळ्या संसर्गातले निम्मेच सापडलेले असू शकतात.

फाल्सिपेरमच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. डासाला लागण करणारी त्याची अवस्था रक्तात ताप सुरू झाल्यावर आठवडा-दीड आठवड्याने दिसते. पहिल्या एक-दोन दिवसांत एसीटी (आर्टेमिसिनिन आणि जोडीच्या औषधाचे उपचार) सुरू झाली तर साखळी तिथेच तुटू शकते. व्हायव्हॅक्स या परजीवीच्या दुसऱ्या प्रकाराचं तसं नाही. त्याची ती अवस्था तापाबरोबरच, कधी तापाआधीच हजर असते. शिवाय यकृतात तो निद्रिस्त राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा डास न चावताही, पुन्हा उठतो. त्यासाठी प्रायमाक्विनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या आहेत, पण तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेली पाकिटं घरात पडून राहतात. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्याला ती गोळी घातकही ठरू शकते, म्हणून नुसता "गोळ्या द्या" असा आदेश पुरत नाही. व्हायव्हॅक्स जास्त असलेल्या गावात वर दिलेलं सूत्र जसंच्या तसं लावू नका. रुग्ण पुन्हा आजारी पडला की तो नवा संसर्ग म्हणून मोजला जातो आणि हिशोब बिघडतो.

सरासरीचाही एक मोठा धोका आहे. गावातल्या २० टक्के लोकांना ८० टक्के डास चावत असतील, तर त्यांना सरासरीच्या चौपट चावे आणि बाकीच्यांना पाव पट. चाव्यांचा वर्ग मोजून सरासरी काढली तर आर-नॉट सव्वातीन पट येतं. हे २० टक्के लोक कोण, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल: धान राखायला रात्री शेतावर जागलीला जाणारे, जंगलात मुक्काम करणारे, रस्त्याच्या कामावर पालं ठोकून राहणारे मजूर. फवारणी त्यांच्या घराच्या भिंतीवर होते आणि ते झोपतात माचाणावर. गावात ९५ टक्के घरं फवारली तरी या लोकांपुरता आकडा हलत नाही. त्यांना अंगावर घेऊन जाण्यासारखी औषधयुक्त मच्छरदाणी आणि कामाच्या जागीच तपासणी दिली, तर तोच खर्च कितीतरी पट लागू पडतो.

जाता जाता नायजेरियातल्या गार्कीचा उल्लेख करतो, कारण "जोर लावून सगळं एकदम करू" असं कोणीतरी सुचवतंच. १९६९ ते १९७६ दरम्यान तिथे फवारणी आणि सगळ्या लोकसंख्येला औषध, असे दोन्ही उपाय एकत्र केले गेले आणि दिएत्स, मोलिनो व थॉमस यांनी त्यावर १९७४ मध्ये एक उत्तम मॉडेल बेतलं. प्रादुर्भाव खूप घटला, संक्रमण थांबलं नाही. जिथे आर-नॉट शेकड्यांत आहे तिथे ते निम्मं केल्याने काही दिसत नाही. तुमच्या तालुक्यात ते बहुधा इतकं नाही, आणि म्हणूनच इथे थोड्या अचूक बदलाने बरंच साधतं. आफ्रिकेसाठी पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी मलेरियाची आर-२१ लसही जास्त संक्रमण असलेल्या भागांतल्या लहान मुलांसाठी, फाल्सिपेरमविरुद्ध आहे. तुमच्या या प्रश्नावर तिचा उपयोग होणार नाही.

ओपनमलेरिया, ईमॉड अशी संगणकावरची मोठी मॉडेलं उघडण्याआधी साध्या स्प्रेडशीटवर गावनिहाय हे काम करा. ज्या गावांत तीन वर्षं एकही स्थानिक रुग्ण नाही, लोकांची ये-जा कमी आहे आणि विच्छेदनात म्हाताऱ्या माद्या सापडत नाहीत, तिथून फवारणी आधी काढा, तीही एकदम सगळीकडून नाही. शेजारच्या दोन-तीन गावांत डास पकडणं चालू ठेवा. ओढ्याकाठच्या आणि जंगलाला लागून असलेल्या गावांना सगळ्यात शेवटी हात लावा. आणि यातल्या प्रत्येक गावासाठी मागच्या दोन हंगामांतल्या सगळ्या रुग्णांच्या तीन तारखा काढा: ताप कधी सुरू झाला, रक्त कधी घेतलं, पहिली गोळी कधी दिली. पहिली आणि तिसरी यांत दोन दिवसांपेक्षा जास्त अंतर असलेले रुग्ण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक निघाले, तर त्या गावात या वर्षी फवारणी चालू ठेवा.